गोठ्यातली फवारणी

आजही कोणी ‘आयुष्य कपाळावर लिहिलेलं असतं’ म्हणालं की मला शिसारी येते. हे वाक्य मी माझ्या सासऱ्यांकडून ऐकलं, तेही ते जेवून ढेकर देत असताना.

सालेकशाकडचं आमचं गाव जंगलाला लागून. धान कापणीला आलं की घरोघरी थंडीताप. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी सरकारी माणसं पंप घेऊन मच्छर मारायची पावडर फवारायला आली. माझी थोरली जाऊ तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. खिडकीत चिंध्या कोंबलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत मच्छरांचा नुसता थवा.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “बाळंतिणीच्या खोलीत परका मानूस नाही चालत. तिचं दूध नासन.”

बाकीच्या भिंतींना दिवाळीची छुई दिलेली. त्या पांढऱ्या मातीवर डाग पडतील म्हणून तिथेही नको. फवारणीवाले परत फिरले, तसे सासरे मागून ओरडले, “अरे, गोठ्यात मारा ना! बैलाईले लय मच्छर चावून राहिले.”

आणि स्वतः उभं राहून त्यांनी गोठ्याचा कोपरान् कोपरा फवारून घेतला.

पंधरवड्यात जावेला ताप भरला. हुडहुडीने तिची बाज करकरायची. सासरे जेवून ढेकर देत बसले होते, तेव्हा मी हिय्या करून त्यांना म्हटलं, “मामाजी, बाईले आमगावच्या दवाखान्यात न्या.”

“सव्वा महिन्याच्या आधी बाळंतीण घराबाहेर पडते का?”

“मंग तिची बाज तरी गोठ्यात टाकू. तिथं मच्छर नाहीत.”

“सून गोठ्यात निजवली म्हनतीन लोकं! कपाळावर असन तेवढं जगन ते.”

बैलांच्या कपाळावर बहुधा कोणी काही लिहिलं नसावं. त्यांची काळजी घ्यावी लागत होती. असल्या धर्माची मला तेव्हाच किळस आली. मळणीच्या आधीच जाऊ गेली. तिची लेक माझ्या लेकाबरोबर माझ्याच अंगावर पिऊ लागली. गावाने सासऱ्यांचं सांत्वन केलं.

वर्ष उलटायच्या आत थोरल्या दिरांसाठी स्थळ आलं. सासऱ्यांनी मुलीच्या बापाला आधी नेलं ते बैल दाखवायला. मुलीची आई माझ्याजवळ चुलीपाशी बसली. हळूच म्हणाली, “पहिलीले का झालं होतं, बाई?”

“आयुष्य सरलं,” सासूबाईंनी मधेच उत्तर दिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईला सगळं सांगून टाकलं. फवारणी, बंद खोली, दवाखाना, सगळं. सासूबाई डोळे वटारत होत्या, तरी थांबले नाही. शेवटी म्हटलं, “मावशी, पोरगी द्याची असन तं द्या. पन बिमार पडली तं तिले बैलाइतकं तरी पाहातीन का, हे आधी इचारून घ्या.”

तिने चहाची कपबशी तशीच खाली ठेवली आणि अंगणाकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली, “अजी, गाडी जुपा.”