माडीवरच्या दवाखान्यातली पुठ्ठ्याची पाटी

आहारतज्ज्ञ शैलजाताईंनी जळगावात माझ्या औषधांच्या दुकानावरच्या माडीवर दवाखाना थाटला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला हातोडी मागितली. पदवीची चौकट त्यांना खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावायची होती. “पेशंटला वाचता आली पाहिजे, भाऊ. कुठं शिकलात, असं त्यानं विचारलं पाहिजे.”

शेजारी त्यांनी पुठ्ठ्याची एक पाटी टांगली: ‘माझी बदललेली मतं’. पहिली ओळ होती, ‘अंड्यातला पिवळा बलक सगळ्यांनी टाकावा, असं मी सांगत असे. आता सांगत नाही.’

“ताई, अशानं गिऱ्हाईक पळेल,” मी म्हणालो.

“नवा पुरावा आला की मत बदलावं लागतं. ज्याचं कधीच काही चुकत नाही, त्याला जरा जपून असा.”

मी हसलो होतो. आज ताईंच्या साठीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आणि ते हसणं टोचतं आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण पोषण सल्लागार दुकानात आला. सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र, गोड जीभ आणि मधुमेहाच्या गोळ्या सोडवणारी पावडर. मी डबे दर्शनी भागात मांडले. ताईंनी विचारलं, “हा अभ्यासक्रम किती दिवसांचा? पावडर कुणावर तपासली?” मी म्हणालो, लोकांना गुण येतोय ना! दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मी तर त्या फसवणुकीला फळी मोकळी करून दिली.

भडगावची माझी थोरली बहीण, अक्का, त्यातले दोन डबे घेऊन गेली. माझ्याच हातून. भावाच्या दुकानातली वस्तू, म्हणून तिनं मधुमेहाच्या गोळ्या निर्धास्तपणे बंद केल्या. साखर वाढली, पायाला झालेली जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली.

मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ताई मात्र एसटीनं भडगावला गेल्या, मला सोबत घेऊन. अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, “त्यानी भिंतवर बी कागद शे, तुम्हनी भिंतवर बी शे. आम्हले काय समजस?”

कागद दोघांच्याही भिंतीवर, मग आम्हाला काय कळणार, हा तिचा सवाल होता. ताई रागावल्या नाहीत. “म्हणूनच विचारायचं, अक्का. कुठं शिकलात, किती शिकलात, आणि जे खायला सांगता तेच विकता का?” परतताना गाडीत त्या एवढंच बोलल्या, “दमले हो भाऊ. तेच तेच सांगून दमले.”

मला वाटलं, आता बोल लावतील. दुसऱ्या दिवशी पाटीवर नवी ओळ दिसली: ‘खालच्या दुकानात माझं काय काम, असं मला वाटत असे. आता वाटत नाही.’ माझी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिली होती. ते वाचून मी जिन्यातच बसून रडलो.

तेव्हापासून दर सोमवारी त्या खाली येतात आणि माझ्या फळ्यांवरचा प्रत्येक नवा डबा चष्मा चढवून वाचतात. गुडघे दुखतात, जिना सोसत नाही, तरी येतात. पावडरी नव्या नावांनी येतच राहतात.

अक्कानं निरोप दिला आहे, “ताईले सांग, मी गोळी रोज लेस.” ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातले पुष्कळ सोमवार त्यांना घरी पाय पसरून बसायला मिळोत. त्यासाठी मी दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर सध्या एकच ओळ आहे: ‘गोळ्या सोडवणाऱ्या पावडरीचे डबे मी माझ्या बहिणीला दिले होते. आता कुणालाच देत नाही.’