कड्यावरचा फोन

महाडला आमच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही काही वाचक जमतो. सध्या काय वाचताय आणि ते कसं वाटतंय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. निवृत्त गुरुजी इतिहासाचं काहीतरी आणतात आणि त्या लेखकावर चिडलेले असतात. बिरवाडीला खोली घेऊन राहणारा कारखान्यातला एक केमिस्ट रहस्यकथा वाचतो आणि नको नको म्हणत असताना शेवट सांगून टाकतो. माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी काउंटरवर पुस्तक उघडते.

गेल्या हिवाळ्यात मी एक नवी कादंबरी वाचत होते. लेखक मुंबईचा, तरुण. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे कातळमाथ्यावरच्या, गावाची ती गोष्ट होती. गावाचं नाव बदललेलं होतं, पण घाटाचं वळण, धुकं, नाचणीची शेतं सगळं ओळखीचं वाटत होतं. त्यातली एक बाई मला फार आवडली होती. घराच्या मागे कड्याच्या टोकावरच काय ती फोनला रेंज यायची, म्हणून ती रोज संध्याकाळी तिथे उभी राहून मुंबईतल्या मुलाशी ओरडून बोलायची. कोंबडीने अंडं दिलं, शेळी व्यायली, सगळं साऱ्या गावाला ऐकू जायचं. वाचताना मी दुकानात एकटीच हसले होते.

त्या रविवारी आमच्यातली नर्स आईला सोबत घेऊन आली. आई पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आली होती. डोळ्यांवर काळा चष्मा होता. तिला खोलीवर एकटी ठेवणं बरं नव्हतं म्हणून लेकीने आणली. मावशी भिंतीला टेकून, पदर नीट करून बसल्या. मी म्हटलं, "मावशी, तुमच्याकडच्याच डोंगरावरची गोष्ट आहे. वाचू का थोडी?"

"वाच की. डोळं मिटून बसायचं तर कायतरी ऐकू येऊ दे."

मी नेमका तोच भाग वाचायला घेतला. बाई कड्यावर जाते, कानाला फोन लावते, "हॅलो, हॅलो, जेवलास का रं?" म्हणून ओरडते. केमिस्ट खो खो हसला. गुरुजीही हसले. मी बाईच्या आवाजात वाचत होते, मलाही रंग चढला होता. मावशी मात्र ताठ बसल्या होत्या. मी पान उलटलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "गो, ही मीच हाय."

आम्ही परत हसलो. गंमत करतायत असं वाटलं. पण त्या हसल्या नाहीत.

"आमच्या शेजारी एक पोरगा येऊन ऱ्हायला व्हता. डोंगर बघायला. रोज वहीत कायतरी लिवायचा. शेळी रातची व्यायली ते मीच कड्यावरनं सांगितलं व्हतं."

पुस्तकातली बाई आमच्या सतरंजीवर बसली होती आणि आम्ही तिच्या तोंडावर तिला हसत होतो. मी पुस्तक मिटायला लागले तर त्या म्हणाल्या, "थांबू नको. फुडं काय लिवलंय?"

पुढचं मला माहीत होतं. पुढे वाचकाला कळतं की फोन कधीचाच बंद पडलेला आहे. मुलगा बोलतच नाही. दारुड्या बापाच्या माराला कंटाळून तो निघून गेलेला असतो आणि ही बाई बंद फोनशी बोलत असते. मी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली, वाच म्हणून. मी वाचलं. आवाज बारीक झाला होता.

वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "हे काय भलतंच? आई, ही तू नाहीस. दादा तर रोज फोन करायचा तुला. मी घरी आले की बाबा सांगायचे मला, काय काय बोलला ते."

मावशी चष्म्याची काडी चाचपत राहिल्या.

"करायचा ना गं?"

"नाय करायचा."

"मग तू कुणाशी बोलायचीस?"

"त्याच्याशीच. त्याला ऐकू जात नव्हतं, येवढंच."

मग त्यांनी सांगितलं. मुलाच्या लग्नावरून बापलेकाचं भांडण झालं होतं. बाप बोलून गेला, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मुलाने ते धरून ठेवलं. पुढे बाप आजारी पडला. पडवीत अंथरुणावर पडून वाटेकडे बघायचा, पण मुलाचं नाव काढायचा नाही. तेव्हा मावशींनी एका संध्याकाळी बिघडलेला फोन उचलला, कड्यावर गेल्या आणि पडवीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"म्हटलं, हो रं, बाबा बरं हायत. इचारत व्हते तुला. येवढं बोलून घरात आले तर म्हातारा उठून बसलेला. म्हणाला, काय म्हणत व्हता? त्या रातीला भाकर खाल्ली त्यानं. मग रोजच जावं लागलं."

"शेवटपर्यंत?" लेकीने विचारलं.

"जाईपर्यंत."

लेक आईच्या समोर येऊन बसली. "आई, बाबांच्या दिवसांना गाव दादाला म्हणत होतं, पोरगा असावा तर असा, रोज बापाची चौकशी करायचा. दादा तिथे खाली मान घालून उभा होता. मला वाटलं रडतोय. काहीच बोलला नाही गं तो!"

"काय बोलणार?"

गुरुजींनी चष्मा काढून हातात धरला होता. केमिस्ट खिडकीकडे गेला. ज्या पानांवर मी हसले होते ती माझ्या मांडीवर उघडी होती. लेखकाला पडवीतला माणूस दिसलाच नव्हता.

"फोन बंद हाय ते त्या वहीवाल्या पोराला कसं कळलं?" मावशी स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "येकदा मागितला व्हता त्यानं. माझा लागत नाय म्हणाला, तुमचा द्या. हातात घेऊन बघितला आनि परत दिला. गावात कुठं बोलला नाय. चांगला व्हता पोरगा."

त्यांनी मला विचारलं, "ती बाई शेवटाला काय करते?"

मी केमिस्टकडे बघितलं. तो पहिल्यांदाच शेवटाबद्दल काही बोलला नाही. खोटं सांगावं असं मनात आलं, पण गोष्ट त्यांचीच होती. मी म्हटलं, "धुक्यात कड्यावरून खाली जाते, मावशी."

"पडून?"

"उडी मारते."

"अगं बाई!" त्यांनी तोंडावर हात घेतला. मग हात खाली घेतला तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. "मी कशाला उडी मारू? मरायचं ऱ्हाऊ दे, पन माझ्या मानसानं माझ्यावर कधी हात उचलला नाय. दारूचा वास बी त्याला सोसत नव्हता. त्येला असा लिवायचा?"

त्या दिवशी बाकी कुणी काय वाचतंय ते सांगितलं नाही.

लेकीला जिना उतरतानाच भावाला फोन लावायचा होता. मावशींनी तिचा हात धरला. "तू मधी पडू नको. माझं मी बगीन." मी लेखकाला कळवू का विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "कळव. बाईचं काय बी लिव म्हणावं, बाप नीट लिव." मी प्रकाशकाच्या पत्त्यावर तसं कळवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

डोळे बरे झाल्यावर मावशींना गावी न्यायला मुलगा मुंबईहून आला. जाताना ते दोघे माझ्या दुकानाशी थांबले. मावशींनी डोळ्यांत घालायचे थेंब घेतले आणि मग म्हणाल्या, "ते पुस्तक दे गो याला. वाचू दे."

पुस्तकाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. उंच, अबोल माणूस. "कशाबद्दल आहे?" त्याने मला विचारलं. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "माझ्यावर हाय. बापाबद्दल लिवलंय ते खोटं, शेवट बी खोटा. बाकीचं खरं."

पुढचं मला नर्सने सांगितलं. कुडपणला पोचल्यावर तो पडवीत वाचत बसला. संध्याकाळी उठला आणि कड्यावर जाऊन उभा राहिला, अंधार पडला तरी आत येईना. शेवटी आईने जेवायला हाक मारली तेव्हा आला. ताटावर बसून त्याने एकच विचारलं, "बाबांना मी काय काय सांगायचो?"

मावशी सांगत बसल्या. भात निवून गेला तरी त्याचं विचारणं संपत नव्हतं.