काळ्या मातीवरची फरशी

तुमच्या नव्या घरामागे बसायला फरशी घालायची आहे, खाली काय भरावं, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. सांगते. पण हे मी कशी शिकले तेही ऐका. त्यात तुमच्या धाकट्या आजोबांबद्दल चार कडू शब्द येतील. ते मी खोडणार नाही.

सांगलीच्या आपल्या घरामागे आजोबांना सकाळी चालायला, पेपर वाचत बसायला फरशी हवी होती. मी पुस्तकं वाचून कागदावर थर काढले होते. सगळ्यात आधी काळी माती दीड फूट काढायची, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भाऊजी, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले. माधवनगरला राहतात. कामावर देखरेख त्यांची. त्यांनी कागद बघितला आणि मिस्त्रीसमोर हसले.

"आवं वहिनी, काळी आई हाय ती. घरातनं बाहीर टाकत्यात व्हय? आमी बंकर बांधल्यात, ही फरशी काय घिऊन बसलाय!"

आजोबा म्हणाले, "राहू दे, त्याला कळतं." मी कागद घडी करून ठेवून दिला. त्याची चीड मला अजून येते. वीतभर खणून, वाळू पसरून शहाबादी फरशा बसवल्या. दिसायला सुरेख होत्या.

पहिल्याच पावसाळ्यात माती फुगली आणि मधल्या फरशीचा कोपरा बोटभर वर आला. आजोबांचा पाय त्यात अडकला, खुब्याचं हाड मोडलं. भाऊजी दवाखान्यात रोज यायचे, डबा आणायचे, हे खरं आहे. पण घरच्या एका साखरपुड्यात मी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलं: "वहिनी झाडांना पानी लय घालत्यात. फरशी उचलंल न्हाई तर काय हुईल?"

पाऊस संपल्यावर मी सगळं उखडलं. या वेळी कुणाला विचारलं नाही. दीड फूट माती काढली. मुरूम तीन थरांत भरला, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकून घट्ट केला. टाच मारली तरी उमटेना, तेव्हाच पुढचा थर. त्यावर बारीक खडी, मग दोन इंच क्रशरची कच, म्हणजे दगडाचा चुरा, फळीने सारखी केलेली. वर फरशा बसवल्या, घरापासून बागेकडे थोडा उतार देऊन. तुमच्याकडची माती वेगळी असेल, पण आधी ती फुगते का ते बघा.

काढलेली माती ट्रॉलीत भरून मी माधवनगरला पाठवली आणि भाऊजींच्या फाटकातच ओतायला सांगितली. दुपारी त्यांचा फोन आला.

"वहिनी, दारात माती तुमी वतायला लावली?"

"हो. काळी आई आहे, भाऊजी. परक्याकडे कशी टाकायची?"

"आवं, गाडी आत अडाकली की माजी!"

"फावडं असेलच घरात. बंकर बांधलेत तुम्ही."

"सख्खा भाऊ आहे तो माझा," आजोबा रात्री एवढंच म्हणाले. मला पश्चात्ताप झाला नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

नव्या फरशीवरून दोन पावसाळे गेले. एक कोपराही हललेला नाही. मिस्त्री आपल्या गिऱ्हाइकांना ती दाखवायला आणतो. पण आजोबा तिच्यावर पाय ठेवत नाहीत. रोज सकाळी मागच्या दारापर्यंत येतात, काठी पुढे करून पहिली फरशी दोनदा ठोकतात आणि आत वळतात. मी हात धरते, समजावते. "उद्या बघू," म्हणतात.

भाऊजी अजून रविवारी येतात. त्यांची खुर्ची मी बाहेर फरशीवरच मांडते, तोंड मागच्या दाराकडे करून. आत आजोबा बसलेले त्यांना नीट दिसतात. "आत बसतो की, दादाजवळ," ते म्हणतात. मी म्हणते, "बसा हो तिथेच. पक्की आहे." आणि चहा बाहेर नेऊन देते.