पट्टीवरची रेघ

देगलूर नाक्यावरचे मिस्त्री माझ्या जुन्या गाडीचं ऑइल कधी एका नजरेत ठरवायचे नाहीत. इंजिनातली पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची आणि मग उन्हात धरायची. "पहिल्या बारीला पट्टी खोटं बोलती," म्हणायचे.

आजही त्यांनी सगळं तसंच केलं. "भरपूर हाय. जावा बिनघोर लातूरला."

मी शेजारीच उभा होतो. पट्टी टोकापर्यंत कोरडी होती.

"मिस्त्री, जरा बोट लावून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. मग ते कोरडं बोटच बराच वेळ फडक्याला पुसत राहिले.

"दिसंना झालंय मला," हळूच म्हणाले. "कुणाला बोलू नका, साहेब."

मागं तीन गाड्या बॉनेट उघडून त्यांचीच वाट बघत होत्या.