आईबापांच्या खुर्च्या

सोफेदुरुस्ती करणारा हा माणूस मूळचा तोंडाळ. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्याच्या सोफ्याची थट्टा व्हायची, मग त्या सोफ्यावर बसणाऱ्यांची. "साहेब, ही बाजू पार खाली गेलीय आणि ती बाजू नवीकोरी. घरात पाहुण्यांना बसू देत नाही वाटतं कुणी?" असं म्हणून तो फोम दाबून बघायचा आणि समोरचा माणूस भावात घासाघीस करायची विसरून जायचा. गल्ली त्याला सोफेकाका म्हणायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे उघडेबोडके सांगाडे, मागे फोमच्या चळती, भिंतीला लावून उभे केलेले रेक्झिनचे गुंडाळे आणि या सगळ्यावर चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास. तो वास त्याच्या शर्टांतून घरी जायचा आणि बायको शर्ट दारातच उतरवून घ्यायची.

त्याला दोन मुली. थोरली कॉलेजात, अबोल, आपलं काम बरं की आपण बरं अशी. धाकटीला सगळे भिंगरी म्हणत. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. शाळेतून आली की ती दुकानातल्या नव्या गादीवर उड्या मारायची आणि "पास" किंवा "नापास" असा निकाल देऊन घरी पळायची. गिऱ्हाईक समोर असलं तर त्याच्याही देखत द्यायची.

ती सात वर्षांची असताना ताप आला आणि उतरेना. मग अंगावर निळे डाग उठायला लागले. रक्ताचा आजार निघाला. शहरातलं लहान मुलांचं रुग्णालय देणगीवर चालायचं. ज्याला झेपेल त्यानं द्यावं, ज्याला झेपणार नाही त्याला कुणी विचारत नसे. तिथं डॉक्टरांनी हातचं राखून काही ठेवलं नाही, नर्सेसनीही नाही. हे सोफेकाका नंतर कुणी विचारलं की आवर्जून सांगायचा. पण मुलाच्या खाटेजवळ आईबापांना बसायला फक्त एक लोखंडी स्टूल असायचं. भिंगरीची आई कित्येक महिने त्या स्टुलावर बसली. झोप अनावर झाली की ती बसल्याबसल्याच पुढे वाकायची आणि लेकीच्या गादीच्या कडेवर डोकं टेकायची. मान अशी आखडायची की सकाळी तिला सगळं अंग वळवून बघावं लागायचं.

भिंगरी एका दुपारी गेली. आई उशाशी होती, बाप पायथ्याशी. त्याच्या हातात तिचं पाऊल होतं. डॉक्टरांनी मान हलवली, बायकोनं हंबरडा फोडला, आणि सोफेकाकाची नजर समोरच्या स्टुलाच्या बैठकीवर गेली. रेक्झिन शिवणीपाशी उसवलं होतं. याला बाकदार सुई लागेल, सरळ सुईनं जमायचं नाही, असं त्याच्या मनात आलं. दुसरं काहीच आलं नाही. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. पण तेव्हापासून त्याला स्वतःची थोडी भीती वाटायला लागली.

लोक म्हणाले, काळीज घट्ट आहे हो यांचं. भेटायला येणारे रडून जायचे आणि तो त्यांना पाणी द्यायचा. लगेच दुकान उघडलं. हातोडी चालायची, दाभण चालायचा, माप चुकायचं नाही. फक्त थट्टा बंद झाली. बंद करायची असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. सुचायचीच नाही. एकदा थोरलीनं भाजी केली आणि मीठ घालायचं विसरली. बायकोनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. हा मात्र ताट चाटूनपुसून उठला. थोरली त्याच्या ताटाकडे बघत राहिली आणि मग उठून आत गेली.

बायकोचा धाकटा भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, दारावरच्या. अक्षर असं देखणं की लोक पाटी वाचायच्या आधी नुसतीच बघत राहायचे. भाचीवर त्याचा जीव. त्याला गप्प बसवेना. त्यानं गल्लीत, भिंगरीच्या शाळेत, भावजींच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे शब्द टाकला की रुग्णालयाला काहीतरी देऊ या. कुणी हात आखडता घेतला नाही. मग तो सोफेकाकाला घेऊन रुग्णालयात निधीचं काम बघणाऱ्या बाईंकडे गेला.

बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी उगाच गळा काढला नाही. म्हणाल्या, "तुम्ही नुसते पैसे दिलेत तरी औषधांना लागतीलच. पण तुमच्या मनात काही वेगळं असेल तर तेही सांगा."

मेहुणा बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात सोफेकाका म्हणाला, "खुर्च्या."

"कसल्या?"

"खाटेजवळ ठेवायला. दिवसा खुर्ची, रात्री उघडली की झोपता येईल. सामान लोकांनी जे पैसे दिलेत त्यातून येईल. काम माझं."

मेहुण्यालाही हे नवीन होतं. घरी आल्यावर त्यानं मोठ्या उत्साहानं ताईला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.

"आपल्याला होती का अशी खुर्ची?" ती नवऱ्याला म्हणाली.

"नव्हती."

"मग आता कशाला? मी बसले ना त्या स्टुलावर. माझी मान गेली. मेली ती मान, पण तिच्याजवळ बसले. आता तिथं दुसऱ्या बायका आरामात झोपणार, आणि तुम्ही त्यांच्यासाठी राबणार."

ती वाईट बाई नव्हती. शेजारणीचं मूल आजारी पडलं तर आधी हीच धावायची. पण त्या दिवशी तिच्या तोंडून ते निघालं आणि निघाल्यावर तिनं परत घेतलं नाही. तो दुकानात गेला आणि पहिल्या खुर्चीची चौकट ठोकायला बसला.

पहिली खुर्ची त्यानं जीव ओतून केली. निदान बघणाऱ्यांना तसं वाटलं. तपकिरी मऊ कापड, पाठीला बटणं, हातांना गोलाई. बड्या घरच्या दिवाणखान्यात शोभावी अशी. टेंपोतून ती रुग्णालयात नेली. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर आल्या, खुर्चीभोवती फिरल्या आणि बटणाच्या खळग्यात बोट घालून म्हणाल्या, "सुंदर आहे. पण इथं औषध सांडणार, उलटी होणार. ते या खळग्यात शिरलं तर मी पुसू कशी? इथल्या पोरांना साधी सर्दीसुद्धा झेपत नाही."

मेहुणा हिरमुसला. सोफेकाकाचा चेहरा होता तसाच राहिला. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "अजून काय काय नको ते सांगा."

सिस्टरनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कापड नको. वर शिवण नको, कारण शिवणीत घाण साचते. चाकं हवीत, म्हणजे लादी पुसताना हलवता येईल, आणि चाकांना अडकण हवी. खुर्चीचे हात खाली पडणारे हवेत, म्हणजे घाईच्या वेळी आम्हाला खाटेपर्यंत पोचता येईल. त्यानं ऐकून घेतलं, खुर्ची परत टेंपोत चढवली आणि दुकानात येऊन पार हाडांपर्यंत उसवली.

पुढचे महिने गेले ते असेच. दुकानाचं काम संपलं की खुर्च्या. रेक्झिन एकसंध ताणून घ्यायचं, सगळ्या शिवणी पोटाखाली घ्यायच्या, बिजागरी बसवायची, उघडून बघायची, मिटून बघायची. लोक दारात थांबून म्हणायचे, "काका, लेकीसाठी केवढं करताय." तो "हं" म्हणायचा. त्याला वाटायचं, आपल्याला काहीतरी वाटायला हवं. वाटत नव्हतं. एखाद्या परक्या माणसाचं काम अंगावर घ्यावं आणि ते चोख करून द्यावं, तसं तो करत होता. मनाच्या त्या जागी हात फिरवून बघितला तर बधिर लागायचं, दाढ काढल्यावर ओठ लागतो तसं.

खुर्च्या होत आल्या तेव्हा मेहुणा एक खोकं घेऊन आला. घरातच आला, कारण ताईलाही दाखवायचं होतं. खोक्यात पितळी पाट्या होत्या, प्रत्येक खुर्चीला एक. त्यावर भिंगरीचं खरं नाव कोरलेलं आणि खाली "हिच्या स्मरणार्थ". अक्षरं अशी होती की बघताक्षणी ताईनं पदर डोळ्यांना लावला. थोरलीनं एक पाटी उचलून उजेडात धरली.

सोफेकाकानं पाटी वाचली आणि खोक्यात परत ठेवली.

"या नको लावायला," तो म्हणाला.

"का? काही चुकलं का भावजी?"

"चुकलं नाही. छान झाल्यात."

"मग? अहो, लोकांनी दिलंय ते तिच्यासाठी दिलंय. नाव नको तिचं कुठं?"

सोफेकाकानं खोकं बाजूला सरकवलं. मग बोलला. इतक्या महिन्यांत घरात कुणी त्याच्या तोंडून एवढं सलग ऐकलं नव्हतं.

"त्या खुर्चीवर कुणाची तरी आई झोपणार. तिचं पोर तिथंच, हातभर अंतरावर. तिला आधीच कसली भीती आहे ते आपल्याला माहीत आहे. ती खुर्ची उघडायला वाकणार आणि आधी हे वाचणार. या नावाची एक पोरगी इथं होती आणि गेली. तिनं ते वाचून मग झोपायचं का?"

मेहुण्याचा चेहरा पडला. तो खोक्याचं झाकण लावत म्हणाला, "तुम्ही खुर्च्या केल्यात. मी काय करू मग? मला दुसरं येतं काय?"

ताई उठली, भावाच्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्याकडे बघितलं. खुर्च्या करायला घेतल्यापासून तिनं एकदाही दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. आता म्हणाली, "उघडायची कशी ती खुर्ची?"

"खाली डाव्या हाताला पट्टी आहे. ती ओढायची, मग पाठ मागे ढकलायची."

"आणि हे त्या बाईला कोण सांगणार? नवीन आलेली, घाबरलेली. विचारायचा संकोच वाटतो तिथं. मी पहिले दोन दिवस पाण्याचा नळ कुठे ते विचारलं नव्हतं." मग भावाला म्हणाली, "पाट्या उलटव. मागून कोऱ्या आहेत ना? त्यावर हेच लिही."

मेहुण्यानं लिहिलं. 'ही खुर्ची उघडते. खालची पट्टी ओढा, पाठ मागे ढकला. सावकाश.' सावकाश हा शब्द त्यानं स्वतःहून घातला. तेच देखणं अक्षर. नाव पितळेच्या दुसऱ्या बाजूला राहिलं, लाकडाकडे तोंड करून. फक्त घरच्यांना माहीत.

रुग्णालयानं छोटासा कार्यक्रम ठेवला. निधीच्या बाई बोलल्या, मोठे डॉक्टर बोलले, सगळ्यांचे ऊर भरून आले. सोफेकाकाला दोन शब्द बोला म्हणाले. तो उभा राहिला, समोरच्या लोकांकडे बघितलं आणि म्हणाला, "मिटताना बोटं सांभाळा." आणि बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, मग कुणीतरी वाजवल्या.

खुर्च्या वापरात आल्या, म्हणजे बिघडायलाही लागल्या. वापरणारं माणूस दमलेलं, धसमुसळं. कुठं चाक निखळलं, कुठं रेक्झिनला चीर पडली. फोन आला की सोफेकाका पिशवी घेऊन निघायचा. एकदा वॉर्डात एक बाई त्याला म्हणाली, "ही खुर्ची कुरकुरते हो. मी कूस बदलली की माझं पोरगं जागं होतं. कुणी केलीय कुणास ठाऊक."

"बघतो," तो म्हणाला. खाली आडवा होऊन त्यानं बिजागरीत तेल सोडलं, स्क्रू आवळला. "आता झोपून बघा."

ती आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर झाली. आवाज आला नाही. तिनं डोळे मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. भर दुपारी, पायांत चपला तशाच, तोंड उघडं टाकून ती झोपून गेली. सोफेकाका हत्यारं न वाजवता पिशवीत भरून बाहेर आला.

घरी त्यानं बायकोला हे सांगितलं. पुढच्या वेळी फोन आला तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती. म्हणाली, "चीर पडलीय ना? शिवण माझी तुमच्यापेक्षा बारीक आहे."

तेव्हापासून ती दर वेळी जाते. काम असतं अर्ध्या तासाचं, पण ती दुपार घालवते. एखाद्या आईला म्हणते, जा, आंघोळ करून ये, मी बसते तुझ्या लेकराजवळ. कधी नुसतीच बसते. परतताना तिचे डोळे सुजलेले असतात.

परवा एका खुर्चीची चौकटच मोडली होती. दुकानात न्यावी लागणार होती. तो ती जिन्यापर्यंत ओढत आला तेव्हा बायको वॉर्डातून बाहेर आली, पदरानं तोंड पुसत.

"रडलीस?" त्यानं विचारलं.

"हो. इथं रडू येतं मला. बरं वाटतं नंतर."

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "मला येत नाही गं," तो म्हणाला. "अजून नाही. कधी येईल असंही वाटत नाही."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"नाही येत तर नाही येत," ती म्हणाली. "माझं येतं तेवढं पुरे दोघांना. धरा तिकडून."

दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची धरली. खुर्ची जड होती आणि जिना अरुंद. वळणावर ती म्हणाली, "जरा उचला, भिंतीला घासतेय," आणि त्यानं उचलली.