पळण्याची फी

पळायला पैसे पडतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. तोवर गावच्या जत्रेत फुकट पळायचो आणि पहिला येऊन नारळ घरी आणायचो. अमरावतीला दर थंडीत पाच मैलांची मोठी शर्यत होते असं ऐकलं. तिथला पहिला नंबर मला हवा होता, अगदी हट्टानं हवा होता. अकोल्याहून गेलो, तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "फी आठ आणे." खिशात परतीच्या गाडीपुरतेच होते. कडेला उभा राहून शर्यत पाहिली आणि पहिल्या आलेल्याला मनातल्या मनात दोनदा हरवलं.

आई हसून म्हणाली, "चोर बी फुकट पयते, अन तू पैसे भरून पयशीन?"

पुढच्या वर्षी आठ आणे नेले, तर फी रुपया. त्याच्या पुढच्या वर्षी रुपया नेला, तर दोन रुपये, वर कॅनव्हासचे बूट सक्तीचे.

"काहून जी, दरसाल वाढवता?"

"मंग? बँडवाले फुकट येते का? मांडव लागते, कप लागते."

मला बँड नको होता. मला रस्ता हवा होता, आणि तो काही यांच्या बापाचा नव्हता! हे मी तोंडावर बोललो नाही, याचा राग अजून आहे.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला होतो. जिन थंडीतच चालायचं आणि शर्यतही थंडीतच. पहाटे सराव करायचा त्याच दिवसांत मी फी आणि बुटांच्या पैशांसाठी सरकी काढणाऱ्या यंत्रापुढे उभा राहून दोन दोन पाळ्या कापूस घालू लागलो. बारीक रुई नाकातोंडात जायची. तोंडाला फडकं बांधलं की जीव गुदमरायचा, म्हणून काढून टाकलं. वडीलही याच जिनात होते, तेही फडकं बांधत नसत. मी शाळेत असताना ते खोकून खोकून गेले. हे सगळं मला ठाऊक होतं.

चौथ्या वर्षी फी तीन रुपये झाली होती. तेवढे होते, बूटही होते. छातीवर नंबर लागला. पहिला मैल मी सगळ्यांच्या पुढे होतो. दुसऱ्या मैलात खोकला सुरू झाला तो थांबेचना. लिंबाखाली बसलो. ज्यांना मी कधीही हरवलं असतं ते एकेक करून समोरून गेले. मी रडलो.

घरी आल्यावर आई चोरावरून टोमणा मारणार, अशी मनाची तयारी करूनच उंबऱ्यावर बसलो. तेवढ्यात पुन्हा उबळ आली. आई चुलीपुढून उठली, माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिली.

"हा तुह्या बापाचा खोकला हाये," ती म्हणाली.

बूट अजून माझ्या पायातच होते.