वरचं बटण

आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्या जगासाठी तो बटणराव.

गुन्हा काय, तर तरुणपणी एका काळ्यापांढऱ्या रहस्यपटात त्यानं खुनी वकील रंगवला. जिन्याच्या वरच्या पायरीवर म्हाताऱ्या अशिलाला एक वाक्य ऐकवायचं आणि ढकलून द्यायचं, एवढंच काम. ऐनवेळी तो वाक्यच विसरला. कॅमेरा चालू, दिग्दर्शक तापट. घाबरून त्यानं म्हाताऱ्याच्या कोटाचं वरचं बटण मायेनं लावलं, गळ्यापाशी दोनदा थोपटलं आणि दिलं ढकलून! दिग्दर्शक बेहद्द खूश. थिएटरात बायका किंचाळल्या. नायकाला कोण विचारतो, पोस्टरवर याची बोटं छापली.

तिथंच तो अडकला. पुढची तीस वर्षं प्रत्येक निर्मात्याला तोच वकील हवा होता. एकदा प्रेमळ बाप करतो म्हणाला, तर लोक तोंडावर हसले. दूध आणायला गेला तरी कुणीतरी गळा पुढे करायचं, "बटणराव, एकदा लावा की!" नाही म्हटलं तर शिष्ट ठरायचा, म्हणून लावायचा. शेजारीण मात्र त्याला बघून लेकराला मागे ओढायची. निव्वळ मूर्खपणा! पण सांगणार कुणाला? घरात तरी आपण साधा माणूस आहोत, या एका समजुतीवर तो तग धरून होता.

मग बायकोचा उजवा हात लुळा पडला. एका सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं, बाहेर मरणाचा गारठा. ती कसाबसा स्वेटर चढवून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं बटणं लावायचं काम आपल्याला एकदाही सांगितलं नाही, हे त्याच्या आत्ता कुठे ध्यानात आलं.

"अहो, बटणं लावता का? माझ्यानं होत नाही."

"लावतो की. त्यात काय!"

त्यानं खालून सुरुवात केली. एक, दोन, तीन. लहान मुलाला जपावं तसं हळूहळू. त्याला फार बरं वाटत होतं. बोटं गळ्यापाशी पोचली आणि तिनं श्वास रोखला. तिचा धड हात मध्ये आला होता.

"अगं, थंडी लागेल."

"लागू दे," ती खाली बघत म्हणाली. "वरचं राहू द्या."

त्यानं हात काढून घेतले आणि खिशात घातले.